कुलूप तोडलं नव्हतं

चावडीवरचा जमादार कधी पळाला ते कोणालाच दिसलं नाही. सकाळी कोतवाल झाडायला गेला तेव्हा दार सताड उघडं होतं, बाजेवर वाकळ तशीच पडलेली आणि चुलीवरच्या पातेल्यातली डाळ करपून कोळसा झालेली. दोन दिवसांपूर्वी आम्ही औरंगाबादच्या दिशेनं विमानांचा आवाज ऐकला होता, आणि लष्कराच्या गाड्यांची रांग लांबच्या सडकेवरून जाताना गुराख्यांनी पाहिली होती. त्या गाड्या आमच्या गावाकडं वळल्या नाहीत. म्हणजे हैदराबादचं जुनं राज्य गेलं होतं आणि नवं अजून आलं नव्हतं. पुढं शाळेच्या पुस्तकांत नातवंडांनी मला पोलीस अ‍ॅक्शनचा धडा वाचून दाखवला, त्यात हे मधले दिवस कुठंच नव्हते. मला मात्र त्या सगळ्यातले तेवढेच आठवतात.

गावाचं नाव मी लिहिणार नाही. ज्या घरांची ही गोष्ट, त्यांतली नातवंडं अजून तिथं नांदतात, आणि त्यातली काही माझीही भाचरं लागतात. वैजापूरच्या रस्त्यापासून आत, पावसाळ्यात बैलगाडीची चाकं आसापर्यंत रुतावीत अशा काळ्या रानातलं ते गाव. आमचं घर माळवदाचं, पुढं ओटा, मागं गुरांचा गोठा आणि परसदार. माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, गावात मोठ्या शब्दाचे. भावाभावांत बांधावरून जुंपली, कोणाची सून माहेरी जाऊन बसली, की लोक आमच्या ओट्यावर यायचे. आबा कधी आवाज चढवत नसत. दोन्हीकडचं ऐकून घ्यायचे, पानाला चुना लावता लावता एक वाक्य बोलायचे, आणि माणसं उठून जायची. तेव्हा मला वाटायचं, जगात जे काही नीट चाललंय ते माझ्या बापामुळं.

आमच्या भिंतीला भिंत लागून मुन्शीजींचं घर. ते गावच्या शाळेत शिकवायचे. शाळा उर्दू होती आणि मुलींना कोणी तिथं पाठवत नसे, पण मुन्शीजी आपल्या नफीसाला घरीच शिकवायचे आणि तिच्याबरोबर मी. नफीसा माझ्याच वयाची, तेव्हा आम्ही तेरा-चौदा वर्षांच्या असू. मुन्शीजींकडं छडी नव्हती. चुकलं की ते नुसते चष्म्यावरून बघायचे आणि म्हणायचे, ‘बेटी, फिरसे.’ सगळ्या गावाचे अर्ज ते लिहायचे, सगळ्या गावाची पत्रं वाचून दाखवायचे, आणि त्याबद्दल कोणी गवारीच्या शेंगा किंवा वांगी ठेवून गेलं तर ‘इतना काहेको’ म्हणायचे. नफीसाच्या आईला मी चाची म्हणायचे. चाचीकडं हातानं फिरवायची शिलाई मशीन होती, तिच्या वडलांनी हैदराबादेहून लग्नात दिलेली. दुपारी आमच्याकडं कामं उरकली की भिंतीपलीकडून मशीनचा आवाज सुरू व्हायचा. गावातल्या बहुतेक पोरांची पहिली झबली त्या मशीनवर शिवलेली.

माझी आई, तिला आम्ही बाई म्हणायचो, चाचीच्या घरचं शिजवलेलं घेत नसे. तसा रिवाजच होता. ईदेला चाची कोऱ्या शेवया, साखर, चारोळ्या आणि दूध पाठवायची आणि बाई ते आपल्या भांड्यात शिजवायची. दिवाळीला इकडून करंज्या जायच्या. मी मात्र चाचीकडं बसून बोटं चाटून खीर खायचे, आणि बाईला ते ठाऊक असायचं. घरात पाऊल टाकलं की ती फक्त म्हणायची, ‘चूळ भर.’ दोन्ही घरांत याचा कोणाला राग नव्हता.

पहिल्या दिवशी गावात जत्रेसारखं वाटत होतं, हे मला खरं लिहिलं पाहिजे. त्या आधीचं वर्ष लोकांनी जीव मुठीत धरून काढलं होतं. कितीतरी जण बायकापोरांना घेऊन सरहद्दीपलीकडं जाऊन राहिले होते. जमादारानं तर वर्षानुवर्षं माणसांना वेठीला धरलं होतं, फुकट सरपण, फुकट कोंबड्या, आणि नाही म्हणेल त्याच्या पाठीवर वेताची छडी. त्यामुळं त्याची बाज जेव्हा चार जणांनी डोक्यावर घेऊन गावातून फिरवली तेव्हा बायकासुद्धा दारात येऊन हसल्या, मीही हसले. मग कोणीतरी चावडीतली दप्तरं बाहेर ओढली आणि काडी लावायला निघालं. आबा तिथंच होते. ते एवढंच म्हणाले, ‘कागद जाळू नगा. तुमच्याच जमिनी त्याच्यात हाईत.’ लोकांनी दप्तरं मुकाट आत नेऊन ठेवली. हे मी मुद्दाम सांगते. त्या दिवसांत गावात कोणाचंच चालत नव्हतं असं पुढं सगळे म्हणायचे. आबांचं चालत होतं.

दुसऱ्या दिवशी लेव्हीच्या, म्हणजे सरकारनं सक्तीनं वसूल केलेल्या धान्याची कोठी फोडली. धान्य आपलंच होतं, तेव्हा ते घेण्यात वाईट काही नाही असं सगळे म्हणत होते. पण दुपारपर्यंत एकाच पोत्याची दोन टोकं धरून दोन सख्खे भाऊ एकमेकांना लाथा मारताना मी पाहिले. हे तेच भाऊ, ज्यांचा बांध आबांनी मागच्या उन्हाळ्यात मिटवून दिला होता. एकाचं डोकं फुटलं, रक्त ज्वारीत सांडलं, आणि मागून आलेल्या माणसानं तीच ज्वारी ओंजळीनं धोतरात भरून घेतली. त्या दिवशी आमच्या गावात कोणी दारू प्यालेलं नव्हतं.

परवा, म्हणजे मागच्या पावसाळ्यात, आमच्या बजाजनगरजवळच्या रस्त्यावर तेलाचे डबे भरलेला एक ट्रक उलटला. मी मुलाच्या घरी, दुसऱ्या मजल्यावर असते. खिडकीतून पाहिलं तर आमच्या कॉलनीतली माणसं पळत होती, रोज जिन्यात मला ‘आजी, सावकाश’ म्हणणारे. ड्रायव्हर केबिनमध्ये अडकलेला, आणि एक भला गृहस्थ डबे उचलून नेण्यासाठी घरून चादर घेऊन आला होता. माझी सून म्हणाली, ‘काय जनावरासारखे करताहेत.’ मला सत्तर वर्षांपूर्वीची ज्वारी दिसत होती.

कोठी फुटली त्याच संध्याकाळी कुठूनतरी बोलणं निघालं की मुन्शीसुद्धा सरकारचाच माणूस, सरकारचेच कागद लिहायचा. ते कागद आपलेच अर्ज होते हे कोणाला आठवलं नाही. मुन्शीजींच्या कानावर ते गेलं असावं. दिवे लागायच्या आधी त्यांनी गाडी जुंपली, चाचीनं बोचकी बांधली. औरंगाबादेत तिचा भाऊ होता. मी दारात उभी राहून रडत होते, कारण नफीसा जाणार होती. आबा ओट्यावरून उठले आणि गाडीपुढं जाऊन बैलाच्या कासऱ्याला हात घातला. वाटेत कोण भेटेल सांगता येत नाही, म्हणाले, रस्त्यानं बायकापोरींना नेणं धोक्याचं. मुन्शीजी म्हणाले की इथंही आता भरवसा वाटत नाही. त्यावर आबांनी जे म्हटलं ते माझ्या कानात अजून जसंच्या तसं आहे.

‘मुन्शीजी, माझ्या जिवात जीव हाय तंवर तुमच्या उंबऱ्याला कोणी शिवनार नाय. हा माझा शब्द हाय.’

मुन्शीजींनी बैल सोडले. चाचीनं बोचकी पुन्हा आत नेली. मला माझ्या बापाचा असा अभिमान वाटला की त्या रात्री मी त्यांचे पाय चेपत बसले.

तिसऱ्या दिवशी सकाळी, भाकरी थापायच्या वेळेला, वेशीकडून गलका ऐकू आला. आबा परसदारानं मुन्शीजींकडं गेले आणि म्हणाले, अंगावरच्या कपड्यांनिशी आमच्याकडं चला, घराला कुलूप घाला आणि किल्ली माझ्याजवळ द्या, मी बघून घेतो. मुन्शीजींनी पुढच्या दाराला त्यांचं मोठं पितळी कुलूप घातलं आणि किल्ली आबांच्या हातात ठेवली. आबांनी ती बंडीच्या खिशात टाकली. तिघांना बाईनं धान्याच्या खोलीत बसवलं. मला आणि नफीसाला मात्र राहवलं नाही. आम्ही शिडीनं माळवदावर गेलो. मुगाच्या शेंगा वाळत घातल्या होत्या, त्यांच्यात पालथ्या पडून खाली बघत राहिलो.

गल्ली भरत गेली. एकही तोंड अनोळखी नव्हतं. मुन्शीजींनी ज्यांच्या पोरांना मुळाक्षरं गिरवायला लावली ते, ज्यांच्या मुलीला चाचीनं बाळंतपणात दुपटी शिवून दिली ते. काहींच्या हातात काठ्या होत्या आणि काहींच्या हातात, हे मला जास्त भयंकर वाटलं, रिकामी पोती होती. आबा मुन्शीजींच्या ओट्यावर चढले. त्यांनी हात वर केला आणि सगळे गप्प झाले. खरोखर गप्प झाले. मी नफीसाचा हात दाबला. आबा काहीतरी बोलले, पुढचे दोघे-तिघे त्यांच्याशी बोलले, आम्हाला वर शब्द कळत नव्हते. कोणी त्यांच्या अंगावर आलं नाही, कोणी काठी उगारली नाही. आबांनी गल्लीच्या या टोकाकडं पाहिलं, मग त्या टोकाकडं पाहिलं. मग पाठ वळवली, खिशातून किल्ली काढली आणि कुलूप उघडलं. ते कुलूप कोयंड्यातून काढून त्यांनी खिशात टाकलं आणि सगळ्यांच्या आधी स्वतः आत गेले.

‘आबाने खोला,’ नफीसा म्हणाली. माझ्याकडं न बघता, जणू स्वतःलाच सांगत असावी. मग ती सरपटत मागं गेली आणि शिडी उतरून आईजवळ जाऊन बसली. मी तिथंच पडून राहिले.

आबा बाहेर आले तेव्हा त्यांच्या उपरण्याखाली मशीन होती. गुंडाळलेली असली तरी तिचा दांडा बाहेर दिसत होता. त्यांच्यासाठी लोकांनी वाट करून दिली. ते परसदारानं आमच्या घरात शिरले आणि मग बाकीचे आत घुसले. हंडे, गाद्या, ट्रंक, मुन्शीजींची पुस्तकं ठेवायची फळी, शेवया वळायचा पाट, सगळं अर्ध्या तासात गेलं. चाचीच्या हातचं पाणीसुद्धा न पिणारी एक म्हातारी तिच्या लोणच्याची बरणी छातीशी धरून चालली होती.

मी खाली आले तेव्हा आबा पाय धूत होते. बाई त्यांच्यासमोर उभी होती, डोक्यावरचा पदर खाली आलेला, तो सावरायचंही तिला भान नव्हतं. आबा खालच्या आवाजात सांगत होते की लोक ऐकायला तयार नव्हते, दार मोडलं असतं, घर पेटवलं असतं, मशीन कोणीतरी नेलीच असती, ती निदान आपल्याकडं राहिली. बाईनं विचारलं, ‘म्हंजी तिला परत द्यायची?’ आबांनी तांब्या पालथा घातला.

धान्याच्या खोलीची भिंत मुन्शीजींच्या घराला लागूनच होती. आतलं प्रत्येक भांडं पडल्याचा आवाज त्या तिघांनी ऐकला असणार. आबा दारात जाऊन म्हणाले की आता लोक मुन्शीजींनाच मागतील, आज दिवस मावळायच्या आत निघालेलं बरं. कालपर्यंत रस्ता धोक्याचा होता, त्याबद्दल ते काही बोलले नाहीत. मुन्शीजी उठले. त्यांचा आवाज शाळेत होता तसाच होता.

‘आबासाहेब, मेरी चाबी.’

आबांनी खिशात हात घातला आणि किल्ली दिली. मुन्शीजींनी ती चष्म्याजवळ धरून पाहिली आणि शेरवानीच्या आतल्या खिशात ठेवली. कुलूप त्यांनी मागितलं नाही.

त्यांना नेलं बिरूनं. बिरू धनगर रब्बीसाठी मोकळ्या ठेवलेल्या आमच्या रानात खतासाठी मेंढरं बसवायला आला होता. ही माणसं गावात फारशी येत नसत. आमच्याकडं त्यांना रानटी म्हणायचे, आबासुद्धा म्हणायचे. तो त्या दिवशी त्याबद्दलचं धान्य न्यायला परसदारी आला आणि तिघांना पाहून सगळं समजला. ‘मी तिकडंच चाललोय. माझ्यासंगं येऊ द्या,’ एवढंच म्हणाला. चाचीला आणि नफीसाला घोंगड्या पांघरायला दिल्या, मुन्शीजींच्या डोक्याला आपलं मुंडासं बांधलं. बाईनं भाकऱ्या आणि ठेचा फडक्यात बांधून चाचीपुढं धरला. चाचीनं तो घेतला. मग बाईनं तिचे दोन्ही हात धरले आणि बराच वेळ सोडले नाहीत. नफीसा माझ्याशी बोलली नाही. मेंढरांच्या धुळीत ती तिघं दिसेनाशी झाली तेव्हा सूर्य अजून मावळायचा होता. काही आठवड्यांनी बिरू परत आला. ‘पोचिवलं,’ म्हणाला, आणि आबांनी पुढं केलेलं पान न घेता मेंढरांकडं निघून गेला.

नवं राज्य आलं ते ज्वारीच्या पेरण्या झाल्यावर. चावडीवर झेंडा लागला, नवा जमादार आला, आणि दवंडी फिरली की ज्यानं ज्याचं नेलं असेल त्यानं ते चावडीत आणून टाकावं. पहाटेपर्यंत नदीच्या पात्रात आणि निवडुंगात भांडी सापडायला लागली. माणसं पुन्हा एकमेकांना रामराम करायला लागली, पुन्हा आमच्या ओट्यावर तंटे यायला लागले. चौकशीला आलेल्या अधिकाऱ्यांना गावातला एक सरळ माणूस हवा होता, आणि सगळ्यांनी आबांचं नाव सांगितलं.

मुन्शीजी आले ते नफीसाला घेऊन. फार वाळले होते. चावडीपुढं मांडलेल्या ढिगातलं त्यांनी काहीच उचललं नाही, फक्त म्हणाले की बीवी शिवणावर घर चालवील, आमची मशीन तेवढी मिळावी. अधिकाऱ्यांच्या शेजारी आबा बसले होते. मशीन कोणी नेली ते कळलं नाही, असं आबांनी शांतपणे सांगितलं. मशीन तेव्हा आमच्या बळदात ज्वारीखाली होती. अधिकाऱ्यांनी नफीसाला विचारलं, तू काही पाहिलंस का. नफीसानं आबांकडं पाहिलं नाही. ती म्हणाली, ‘छत पे कुसुम मेरे साथ थी. उसको पूछो.’

कोतवाल मला बोलवायला आला, हे सगळं त्यानंच वाटेत सांगितलं. मी ओल्या हातांनीच गेले. गाव गोल करून उभं होतं, तीच माणसं. अधिकारी बरे होते, त्यांनी मला जवळ बोलावून विचारलं, ‘कुसुम, घाबरू नकोस बाळ. तू माळवदावरून काय पाहिलंस? मशीन कोणी नेली?’ आबा माझ्याकडं पाहत होते. त्यांच्या नजरेत धमकी नव्हती. असती तर बरं झालं असतं. ते माझ्याकडं नेहमीसारखेच पाहत होते, मायेनं, आणि मी काय सांगणार याची त्यांना पूर्ण खात्री होती.

‘मला काही दिसलं नाही,’ मी म्हणाले.

नफीसानं मान वर करून एकदा माझ्याकडं पाहिलं. मुन्शीजींनी तिचा हात धरला. ‘चलो बेटी,’ ते म्हणाले, आणि मग अधिकाऱ्यांना म्हणाले, ‘साहब, मैंने पढाया है इस बच्ची को. झूठ नहीं बोलती.’ ते मनापासून म्हणाले की मला वाचवायला म्हणाले, हे मी आयुष्यभर ठरवू शकले नाही.

त्या मशीनचा आबांनाही उपयोग झाला नाही. चौकशीनंतर त्यांना तिची भीती वाटायला लागली आणि एका भल्या पहाटे त्यांनी ती मळ्यातल्या विहिरीत टाकून दिली. बाईनं त्यानंतर त्या विहिरीचं पाणी स्वयंपाकाला घेतलं नाही, लांबून नदीवरून आणायची. मी आबांशी बोलणं सोडलं नाही. पण त्यांनी हाक मारली की पहिल्यासारखं धावत जाणं थांबलं. माझं लग्न होऊन मी औरंगाबादला आले, क्रांती चौकाजवळ आमचं बिऱ्हाड होतं, तेव्हा मी शहागंजापासून सगळ्या गल्ल्यांत चाचीच्या भावाची चौकशी केली. ती माणसं केव्हाच हैदराबादेला गेली, असं एका दुकानदारानं सांगितलं. नफीसा मला पुन्हा भेटली नाही.

आबा शेवटी माझ्याकडंच होते. गावानं त्यांना फार मान दिला, अखेरपर्यंत लोक शब्द घ्यायला शहरात यायचे. शेवटच्या आजारपणात एका दुपारी आम्ही दोघंच घरात होतो. मी त्यांना पेज भरवत होते. मी कधी विचारीन असं मलाही वाटलं नव्हतं, पण विचारलं. आबा, तुम्ही कुलूप का उघडलंत? लोक तर गप्प झाले होते.

त्यांनी कशाबद्दल, असं विचारलं नाही. इतकी वर्षं उत्तर त्यांच्या अगदी वरच्या खिशात असावं.

‘ओट्यावर चढलो तवा घर वाचवायचंच मनात होतं, पोरी. तुझी शपथ,’ ते म्हणाले. ‘मंग इकडं पाह्यलं, तिकडं पाह्यलं. ध्यानात आलं, आज आपल्याला इचारनारं कोणीच नाय.’

मी त्यांचं तोंड पुसलं. ते डोळे मिटून पडले, आणि थोड्या वेळानं शांत झोपलेही. मी वाटी हातात धरून बसून राहिले. त्यांना विचारणारं कोणी नव्हतं. मला तर विचारलं होतं, भर चावडीत, माझं नाव घेऊन.